कार्बनची फुगडी आणि हार्वर्डची दोन घराणी

आपल्याकडे कुलवृत्तांत काढण्याची हौस जुनी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, कुठली शाखा देशावर आली आणि कुठली कोकणातच राहिली, हे सगळे मांडणारे जाडजूड ग्रंथ अनेक घरांतल्या कपाटांत असतात. गाणाऱ्यांचेही तेच. गायकाचे नाव निघाले की पुढचा प्रश्न ‘कुणाकडे शिकले?’ हाच असतो. रसायनशास्त्रज्ञांनाही हीच हौस असते, हे मला फार उशिरा कळले. त्यांच्या वंशावळीत रक्ताच्या नात्याला किंमत नाही. पीएच.डी.चा मार्गदर्शक हा बाप, त्याचा मार्गदर्शक आजा, आणि असे मागे मागे जात एखाद्या जर्मन प्रयोगशाळेपर्यंत पोचता आले की धन्यता वाटते.

मला या वंशावळींची गोडी लागली ती २००५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमुळे. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला तीन नावे जाहीर झाली : फ्रान्सचे इव्ह शोव्हँ आणि अमेरिकेचे रॉबर्ट ग्रब्ज व रिचर्ड श्रॉक. विषय ‘ऑलिफीन मेटाथेसिस’. यांतल्या दोघा अमेरिकनांची वंशावळ काढू लागलो, तर ती एकाच विद्यापीठाच्या एकाच वर्षात येऊन मिळते. दोघांच्या आजेगुरूंनी १९५२ साली हार्वर्डमध्ये मिळून एक काम केले होते आणि पुढे त्याच कामाच्या श्रेयावरून त्यांच्यात कायमची कटुता आली. तिसऱ्याची, म्हणजे शोव्हँ यांची, वंशावळच निघत नाही. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती.

रसायनशास्त्राशी माझा औपचारिक संबंध बारावीला संपला. त्यानंतरचे सगळे शिक्षण ग्रंथालयांत, जुन्या नियतकालिकांत आणि शास्त्रज्ञांच्या छापील व्याख्यानांत झाले. त्यामुळेही असेल, वंशावळीत न बसणारा माणूस मला नेहमी जास्त खुणावतो. पण या प्रकरणात वंशावळीतल्या माणसांनाही बाजूला सारता येत नाही. तेव्हा आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

कार्बनच्या अणूला चार हात असतात असे शाळेत सांगतात. दोन कार्बन एकेक हात धरून उभे असले तर तो एकेरी बंध. दोन्ही हातांनी एकमेकांना धरले तर दुहेरी बंध. असा दुहेरी बंध असलेल्या रेणूंना ऑलिफीन म्हणतात. फुगडी खेळणाऱ्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघींचे दोन्ही हात एकमेकींच्या हातांत गुंतलेले, आणि उरलेले दोन-दोन हात आपापला बाडबिस्तरा सांभाळत आहेत. शेजारी दुसरी जोडी फुगडी घालते आहे. आता काही तरी घडते आणि थोड्या वेळाने पाहावे तर जोड्या बदललेल्या. पहिल्या जोडीतली एक दुसऱ्या जोडीतल्या एकीबरोबर, आणि उरलेल्या दोघी एकमेकींबरोबर. प्रत्येकीने आपले सामान मात्र सोडलेले नाही. एवढीच ही अभिक्रिया.

मेटाथेसिस हा शब्द ग्रीक, अर्थ अदलाबदल. व्याकरणात यालाच वर्णविपर्यय म्हणतात. ‘नुकसान’चे बोलीत ‘नुसकान’ होते तेव्हा ‘क’ आणि ‘स’ जागा बदलतात, शब्द तोच राहतो. रसायनशास्त्रात हे नाव १९६७ साली गुडइयर या टायर कंपनीतल्या निसिम कॅल्डेरॉन यांनी दिले. पण नाव पडण्यापूर्वीच मूल जन्माला आले होते. १९५० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीत हर्बर्ट एल्युटेरिओ यांनी मॉलिब्डेनमयुक्त उत्प्रेरकावरून प्रॉपिलीन वायू सोडला, तर पलीकडून एथिलीन आणि ब्युटीन यांचेही मिश्रण बाहेर आले. हा प्रकार चक्रावणारा होता. प्रॉपिलीनमध्ये तीन कार्बन असतात. दोन प्रॉपिलीन एकत्र आले की एकूण सहा कार्बन, आणि त्यांतून दोन कार्बनांचे एथिलीन व चार कार्बनांचे ब्युटीन निघाले. म्हणजे कार्बन-कार्बनमधला दुहेरी बंध, जो तोडायला फार ऊर्जा लागते, तो मधोमध कापला जाऊन नव्याने जोडला गेला होता. १९६४ साली फिलिप्स पेट्रोलियमच्या बँक्स आणि बेली यांनी असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि दोन वर्षांत कॅनडात त्यावर कारखानाही उभा राहिला.

या कारखान्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. तेव्हा प्रॉपिलीन स्वस्त होते, म्हणून त्याचे एथिलीन आणि ब्युटीन करायचे. पुढे पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे आपल्या बादल्या-खुर्च्यांच्या प्लॅस्टिकची मागणी वाढली, प्रॉपिलीनचा भाव चढला आणि १९७२ साली ते उत्पादन बंद झाले. आज जगात हीच अभिक्रिया उलट्या दिशेने चालवतात : एथिलीन आणि ब्युटीन घ्यायचे, प्रॉपिलीन काढायचे. उत्प्रेरकाला दिशेचे सोयरसुतक नसते. वाट दोन्हीकडून मोकळी असते, बाजारभाव ठरवतो कुठून कुठे जायचे.

कारखाने चालत होते, पेटंटे निघत होती, पण जोड्या बदलतात कशा हे कुणालाच माहीत नव्हते. पहिला अंदाज साट्यालोट्याचा होता. दोन घरांनी एकमेकांच्या मुली एकाच मांडवात करून घ्याव्यात, तशा दोन जोड्या धातूच्या अणूजवळ एकाच वेळी येतात, चौघी क्षणभर एकत्र होतात आणि देवाणघेवाण करून निघून जातात. कॅल्डेरॉन यांचा कल या बाजूचा होता. ग्रब्ज यांनीही १९७२ साली धातू आणि चार कार्बन यांचे पंचकोनी वलय तयार होत असावे असा आपला एक तर्क मांडला. तो टिकला नाही.

उत्तर त्याच्या आधीच छापून आलेले होते. पॅरिसजवळ रुए-माल्मेझाँ येथे फ्रेंच पेट्रोलियम संस्थेची प्रयोगशाळा होती. तिथे शोव्हँ आणि त्यांचे विद्यार्थी ज्याँ-लुई एरिसाँ यांनी १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध फ्रेंच भाषेत, नियतकालिक जर्मन आणि तेही बहुवारिकांना, म्हणजे पॉलिमरांना, वाहिलेले. अमेरिकेतल्या लोकांच्या नजरेत तो लगेच भरला नाही यात नवल नाही.

त्यांचा प्रयोग मला आजही रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्याचा तर्क समजायला दोन नाणी पुरतात. त्यांनी दोन पदार्थ एकत्र केले. एक सायक्लोपेंटीन, म्हणजे पाच कार्बनांचे वलय ज्यात एक दुहेरी बंध आहे. दुसरा पेंटीन, म्हणजे पाच कार्बनांची साखळी, जिच्यातला दुहेरी बंध तिचे दोन आणि तीन असे तुकडे पाडतो. आता साट्यालोट्याचा तर्क खरा असेल तर वलय उघडल्यावर त्याच्या एका टोकाला दोनाचा तुकडा लागेल आणि दुसऱ्या टोकाला त्याच साखळीचा उरलेला तीनाचा. पाच, दोन आणि तीन मिळून दहा. सुरुवातीला दहा कार्बनांचाच पदार्थ मिळायला हवा. पण तुकडे एकेकटे येऊन लागत असतील तर? मग प्रत्येक टोकाला दोनाचा की तीनाचा हे स्वतंत्रपणे ठरेल. दोन नाणी उडवली की छापा-छापा एकदा, छापा-काटा दोनदा आणि काटा-काटा एकदा, असेच पडते. म्हणजे नऊ, दहा आणि अकरा कार्बनांचे पदार्थ एकास दोनास एक या प्रमाणात मिळावेत. शोव्हँ आणि एरिसाँ यांना अगदी तेच मिळाले.

याचा अर्थ धातू हा नुसता मांडव नव्हता. तो स्वतः खेळात होता. शोव्हँ यांनी मांडले ते असे : धातूचा अणू एका कार्बनला दोन्ही हातांनी धरून असतो, म्हणजे धातू आणि कार्बन हीच एक फुगडीची जोडी असते. ती जोडी ऑलिफीनच्या जोडीजवळ येते. मग प्रत्येकजण आपला एक हात सोडून शेजारच्याला देतो आणि चौघांचे रिंगण होते, तीन कार्बन आणि एक धातू. रिंगण मोडते तेव्हा जुने हात सुटतात आणि नव्या जोडीदाराचे दोन्ही हात धरले जातात. धातू आता नवा कार्बन घेऊन पुढे निघतो, पुढच्या जोडीकडे. एकच धातूचा अणू असा हजारो फेऱ्या करू शकतो. अशा धातू-कार्बन जोडीला कार्बीन म्हणतात. म्युनिकच्या ई. ओ. फिशर यांनी १९६४ साली टंगस्टनचे असे एक संयुग करून दाखवले होते. इटलीचे नाट्टा टंगस्टन वापरून सायक्लोपेंटीनचे वलय उघडून त्याची लांब साखळी करत होते. आणि बँक्स-बेली यांचा निबंध होताच. हे तिन्ही निबंध जगातल्या कितीतरी ग्रंथालयांत शेजारी शेजारी पडून होते. ते एकत्र वाचले शोव्हँ यांनी.

पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेत चार्ल्स केसी, कोलंबिया विद्यापीठातले टॉमस कॅट्झ आणि ग्रब्ज यांनी वेगवेगळ्या वाटांनी प्रयोग केले. ग्रब्ज यांनी हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, घालून तुकड्यांवर खूण केली आणि ते कुठे जातात हे मोजले. १९७५ पर्यंत शोव्हँ बरोबर आहेत हे बहुतेकांनी मान्य केले होते. पण मान्य होणे वेगळे आणि हातात येणे वेगळे. तोवरचे उत्प्रेरक म्हणजे धातूचे क्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियमचे एखादे संयुग यांची भट्टीतली खिचडी. त्यात खरे काम करणारी चीज कोणती, हे बाटलीत वेगळे काढून दाखवता येत नव्हते. ते पुढे श्रॉक आणि ग्रब्ज यांनी केले, आणि इथून वंशावळीची गोष्ट सुरू होते.

१९५१ च्या डिसेंबरात कीली आणि पॉसन यांनी लोखंड व कार्बन यांच्या एका विलक्षण नारिंगी संयुगाविषयी छापले. ते स्थिर का राहते हे कोडे होते. हार्वर्डमध्ये तेव्हा जेफ्री विल्किन्सन हे यॉर्कशायरमधल्या रंगाऱ्याचे चिरंजीव सहायक प्राध्यापक होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रिस्को यांच्याकडे शिकलेले, युद्धकाळात अणुप्रकल्पावर काम केलेले. त्याच विभागात रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड होते, विसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवलेले, सेंद्रिय रसायनशास्त्रातले त्या पिढीचे निर्विवाद शिरोमणी. दोघांनाही वाटले की लोखंडाचा अणू पाच कार्बनांच्या दोन वलयांच्या मधोमध, दोन पाव-तुकड्यांत भाजी असावी तसा बसलेला असणार. १९५२ साली दोघांच्या नावाने, रोझेनब्लम आणि व्हायटिंग या सहकाऱ्यांसह, निबंध निघाला. पुढे त्या पदार्थाचे नाव फेरोसीन पडले. त्यानंतर वाटा फुटल्या. वुडवर्ड यांनी त्यातल्या कार्बनच्या वलयांचे गुणधर्म तपासले. विल्किन्सन मात्र लोखंड काढून एकेक दुसरा धातू घालत सुटले. त्याच वर्षी त्यांनी रुथेनियमचेही असे सँडविच बनवले. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

हार्वर्डने विल्किन्सन यांना कायम केले नाही. ते लंडनला परतले. १९७३ साली सँडविच संयुगांसाठी नोबेल मिळाले ते फिशर आणि विल्किन्सन यांना. वुडवर्ड यांना १९६५ साली दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालेले होते, तरी त्यांना राहवले नाही. नोबेल समितीला पत्र लिहून त्यांनी कळवले की आपल्या हातून, अनवधानाने का होईना, मोठा अन्याय झाला आहे. मूळ कल्पनेत आपला वाटा होता. विल्किन्सन यांनी १९७५ साली त्या पहिल्या चार महिन्यांच्या आठवणी लिहिल्या, त्यांत चित्र वेगळे आहे. कोण खरे हे ठरवण्याचा आव मी आणणार नाही. भोजनाच्या टेबलावर झालेल्या बोलण्याला साक्षीदार असतात, दप्तर नसते.

विल्किन्सन यांच्याकडे लंडनला शिकलेले जॉन ऑस्बॉर्न यांनी गुरूबरोबर ऱ्होडियम धातूचा एक उत्प्रेरक घडवला. आज तो ‘विल्किन्सन उत्प्रेरक’ म्हणून ओळखला जातो; शिष्याचे नाव त्यातून गळाले, जसे ते नेहमी गळते. ऑस्बॉर्न हार्वर्डला शिकवायला गेले आणि तिथे त्यांना विद्यार्थी मिळाला तो रिचर्ड श्रॉक. इंडियानातल्या एका लहान गावात जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी भावाने दिलेल्या रसायनांच्या पेटीवर प्रयोग करू लागला होता. १९७१ साली डॉक्टरेट, मग केंब्रिज आणि १९७२ मध्ये ड्यूपाँ. तिथे त्यांना टँटलम धातूला पाच जाडजूड कार्बनी गट जोडायचे होते. जागा अपुरी पडली. एका गटाने आपला हायड्रोजन शेजाऱ्याला दिला, शेजारी तो घेऊन चालता झाला, आणि मागे राहिलेल्या गटाच्या कार्बनने रिकामा झालेला हात टँटलमला दिला. झाली फुगडीची जोडी. १९७४ साली छापलेले हे संयुग फिशर यांच्या कार्बीनपेक्षा स्वभावाने अगदी वेगळे होते. गंमत म्हणजे त्याने जोड्या बदलण्याचे काम नीट केले नाही. श्रॉक एमआयटीत गेले, १९८० साली टँटलमभोवतीचे क्लोरीन काढून तिथे ऑक्सिजनवाले गट बसवले आणि फेऱ्या सुरू झाल्या. मग टंगस्टन, आणि १९९० मध्ये मॉलिब्डेनमचा तो प्रसिद्ध उत्प्रेरक. विल्किन्सन घराण्याची ही पद्धत : धातू मध्ये ठेवायचा, त्याच्याभोवतीची माणसे एकेक बदलत जायचे आणि प्रत्येक वेळी स्फटिक हातात घेऊन पाहायचे.

दुसरी शाखा वुडवर्ड यांची. त्यांच्याकडे रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५५ साली डॉक्टरेट केली आणि कोलंबिया विद्यापीठात आपले घराणे मांडले. १९५७ साली त्यांनी तीन कार्बनांच्या वलयाचा एक धनभारित आयन करून दाखवला, जो सिद्धांतानुसार स्थिर असायला हवा होता पण कुणी पाहिला नव्हता. तीन कार्बनांची वलये फार ताणलेली असतात, वाकवलेल्या वेताच्या छडीसारखी. सुटायची संधीच शोधत असतात. त्यांच्या हातचे शिकलेले मर्ल बॅटिस्टी फ्लोरिडाला गेले. तिथे रॉबर्ट ग्रब्ज हा केंटकीतल्या यंत्र-कारागिराचा आणि शिक्षिकेचा मुलगा कृषिरसायन शिकत होता. उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्याकडे काम काय, तर बैलांच्या शेणाचे पृथक्करण. बॅटिस्टी यांच्या प्रयोगशाळेत एक मित्र काम करत होता, तिथला वास त्या मानाने सुसह्य होता. ग्रब्ज तिकडे वळले, बॅटिस्टींकडून ब्रेस्लो यांच्याकडे गेले आणि १९६८ साली कोलंबियाचे डॉक्टर झाले. पुढे स्टॅनफर्डला जेम्स कोलमन यांच्याकडे धातूंची ओळख झाली.

ग्रब्ज यांनी टायटॅनियमपासून सुरुवात केली. १९८० साली चौघांचे ते रिंगण, म्हणजे धातू आणि तीन कार्बन यांचे वलय, त्यांनी प्रत्यक्ष वेगळे काढून दाखवले. पण टायटॅनियम भलताच चंचल. त्याला ऑलिफीनपेक्षा पाणी, अल्कोहोल, आम्ल यांचीच ओढ जास्त. टंगस्टन थोडा बरा, मॉलिब्डेनम त्याहून बरा. तरी त्याला हवा-पाणी सोसत नाही, हातमोजे लावलेल्या बंद पेटीत काम करावे लागते. औषधाच्या रेणूत तर असे भुरळ घालणारे गट जागोजाग असतात. अशा बाजारातून न रेंगाळता थेट ऑलिफीनकडे जाणारा धातू हवा होता. १९८८ साली ब्रूस नोव्हाक आणि ग्रब्ज यांनी रुथेनियमचे साधे क्लोराइड पाण्यात टाकून वलय उघडण्याची अभिक्रिया घडवली. पाण्यात! ज्या अभिक्रियेसाठी इतरजण ओलाव्याचा थेंब शिल्लक ठेवत नव्हते, ती पाण्यात अधिक चांगली चालली. आता प्रश्न होता रुथेनियमला कार्बनचा जोडीदार मिळवून देण्याचा.

तो सुटला १९९२ साली, सनबिन्ह न्युएन आणि लिंडा जॉन्सन यांच्या नावांसह छापलेल्या निबंधात. त्यातली कृती वाचताना मी थबकलो. त्यांनी दोन पदार्थ एकत्र केले. एक, रुथेनियमभोवती क्लोरीन आणि ट्रायफेनिलफॉस्फीन असलेले संयुग. हे १९६६ साली लंडनला विल्किन्सन यांच्याच प्रयोगशाळेत स्टीफन्सन यांनी प्रसिद्ध केलेले. दोन, डायफेनिल-सायक्लोप्रोपीन, म्हणजे तीन कार्बनांचे एक ताणलेले वलय. हा मुलूख ब्रेस्लो आणि बॅटिस्टी यांचा. वलय उघडले, त्याच्या टोकाचा कार्बन रुथेनियमने दोन्ही हातांनी धरला आणि हवा-पाणी सोसणारा उत्प्रेरक तयार झाला. १९५२ साली एका टेबलावरून उठून गेलेली दोन घराणी चाळीस वर्षांनी एका काचेच्या नळीत भेटली होती. नोबेल व्याख्यानांतून किंवा चरित्रांतून हा मेळ असा मांडलेला मला आढळला नाही, म्हणून थोडा जोर देऊन सांगतो आहे. यावर शंका घेणारा म्हणेल की ते रुथेनियम संयुग तोवर सगळ्यांच्या वापरात होते, त्याला घराण्याची साक्ष काय काढायची? बरोबर आहे. पण सगळ्यांच्या वापरातल्या वस्तूंतून नेमकी कुठली उचलायची आणि तिला कुणाशी गाठ घालायची, ही नजर कुणाकडे शिकलो यावरच बरीच ठरते.

१९९५ मध्ये ग्रब्ज यांचा सुधारलेला ‘पहिल्या पिढीचा’ उत्प्रेरक आला. १९९९ मध्ये त्यातले एक फॉस्फीन काढून जागी नायट्रोजनयुक्त वलयाचे कार्बीन बसवले आणि वेग कैकपट वाढला. त्या वर्षी इतर दोन-तीन प्रयोगशाळाही याच जागी पोचल्या होत्या. अशी कार्बीने बाटलीत भरून ठेवता येतात हे १९९१ साली अर्डुएंगो यांनी दाखवले. परंतु ‘ब’ जीवनसत्त्वातला थायमिन हा रेणू शरीरात तसल्याच रूपाने काम करतो, हे १९५८ साली कुणी सुचवले होते? ब्रेस्लो यांनी. योगायोग म्हणा हवे तर.

या सगळ्याचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतात. यकृताच्या ‘क’ प्रकारच्या काविळीवर २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिमेप्रेव्हिर हे औषध घ्या. त्याच्या रेणूत एक मोठे वलय आहे आणि ते मिटवण्याचे काम रुथेनियमचा उत्प्रेरक करतो : साखळीच्या दोन टोकांच्या जोड्या बदलतात, एथिलीन वायू बनून उडून जाते आणि टोके एकमेकांत अडकतात. पूर्वी एवढे मोठे वलय मिटवायला कितीतरी पायऱ्या आणि त्याबरोबर कितीतरी टाकाऊ रसायने लागत. पिकांवरच्या किडींच्या नरांना चकवणारे मादीचे गंधद्रव्य, मालमोटारींचे मजबूत प्लॅस्टिकचे भाग, असे बरेच काही याच खेळातून येते.

आपल्याकडेही हा खेळ पोचला. पवईच्या आयआयटीत सांबशिवराव कोठा यांनी मेटाथेसिस वापरून गुंतागुंतीचे रेणू बांधण्याचे दीर्घ काम केले आहे. त्यांचे गुरू हैदराबादचे गोवर्धन मेहता, आणि मेहता पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव यांच्याकडे शिकलेले. हार्वर्डच्या दोन्ही घराण्यांशी संबंध नसलेली ही पाषाण रस्त्यावरची शाखा.

आता शोव्हँ. ते १९३० साली बेल्जियममधल्या मेनिन या सीमेवरच्या गावी जन्मले आणि लिआँच्या रसायन-अभियांत्रिकी शाळेतून १९५४ मध्ये बाहेर पडले. सैनिकी सेवा आणि इतर अडचणींमुळे पीएच.डी. राहून गेली, याची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली. उद्योगात नोकरी धरली, पण तिथे आहे तेच गिरवायचे, म्हणून सोडली आणि १९६० साली पेट्रोलियम संस्थेत गेले. तिथे त्यांनी निकेलवर आणि टायटॅनियमवर चालणाऱ्या प्रक्रिया उभ्या केल्या, ज्या पुढे अनेक देशांतल्या कारखान्यांत गेल्या. मेटाथेसिसचे कोडे सोडवून ते त्यापासून दूर झाले. उत्प्रेरक घडवण्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या शर्यतीत ते नव्हतेच. नोबेल कळले तेव्हा वय पंचाहत्तरीला टेकलेले, आणि आनंदाहून संकोचच अधिक व्यक्त केला त्यांनी. समितीने मात्र पुरस्काराचे तीन समान भाग केले. मला तो निवाडा न्याय्य वाटतो. श्रॉक आणि ग्रब्ज यांच्या हातांना परंपरा होती. काय शोधायचे हे त्यांना ठाऊक झाले ते एका परंपरा नसलेल्या माणसाने तीन निबंध एकत्र वाचल्यामुळे.

तरी शोव्हँ यांना निर्वंश म्हणता येत नाही. एरिसाँ हा त्यांचा विद्यार्थीच होता, आणि नळीतले नऊ-दहा-अकरा मोजले गेले ते त्याच्याबरोबर. त्याचे नाव आज अभ्यासकांच्या तोंडी ‘शोव्हँ यंत्रणा’ म्हणताना बहुधा राहून जाते. आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत लेकी-सुनांची नावे ‘पत्नी अमुक, कन्या २’ अशी उरकलेली असतात. रसायनशास्त्राच्या वंशवृक्षात लिंडा जॉन्सन, न्युएन, ऑस्बॉर्न, एरिसाँ हे त्या रकान्यातले लोक. मी माझ्या वहीत वंशवृक्ष काढला तेव्हा त्यांच्या नावांखाली रेघ ओढली आहे.

विल्किन्सन १९९६ मध्ये गेले, शोव्हँ २०१५ मध्ये, ब्रेस्लो २०१७ मध्ये, ग्रब्ज २०२१ च्या डिसेंबरात. दरम्यान प्रयोगशाळांपुढे नवी अडचण आहे. रुथेनियम दुर्मीळ आणि महाग. आवर्तसारणीत त्याच्या नेमका डोक्यावर बसलेला धातू मुबलक आणि स्वस्त आहे : लोखंड, फेरोसीनचे लोखंड. पण लोखंडाच्या कार्बीनला ऑलिफीन भेटले की चौघांचे रिंगण मोडून जोड्या बदलण्याऐवजी लोखंड आपला कार्बन त्या जोडीला देऊन टाकते आणि स्वतः खेळाबाहेर जाते. मागे उरते तीन कार्बनांचे वलय. वर्षानुवर्षे हेच होत आले. २०२२ साली इस्राएलमध्ये डेव्हिड मिल्स्टाइन यांच्या गटाने लोखंडाकडून वलय उघडण्याचा खेळ खेळवून घेतल्याचे प्रसिद्ध केले. औषधांच्या कामाला लागावे इतके ते लोखंड अजून वळलेले नाही.